हलणारी बोटं

गुलाबने मोबाइल तिच्यापुढे धरला, व्हिडिओ मध्येच थांबवला, आणि ममताला पहिल्यांदा दिसलं की त्यात आपल्याला बोटंच नाहीत. बाकी सगळं जागेवर होतं. चेहरा होता, कानातल्या कुड्या होत्या, मागच्या पडद्यावरची जांभळी फुलं तर पाकळीनपाकळी मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. फक्त मनगटांच्या पुढे दोन फिकट गोळे होते, सैल मळलेल्या कणकेसारखे. शाळेच्या व्हरांड्यात दुपारची सुटी चालू होती. कर्णबधिर मुलांच्या शाळेतही सुटीत गलका असतो, पायांचा, डब्यांचा, बाकांचा. तो तिच्या कानांवरून नुसता वाहत गेला. गुलाब दुर्गाजवळच्या पाटणकडच्या खेड्यातला, भाजीपाल्याचं करणारा माणूस. त्याची नऊ वर्षांची रेणू आठवड्यातून दोनच दिवस शाळेत येऊ शकायची आणि उरलेले दिवस ममताने पाठवलेले धडे बापाच्या मोबाइलवर बघायची. बापही शेजारी बसून शिकायचा. आपल्या छत्तीसगढी वळणाच्या हिंदीत, आवाज खाली ठेवून त्याने सांगितलं ते एवढंच: गावाबाहेरच्या सडकेवर रेणू पलीकडे उभी होती, तो अलीकडे. ट्रक येताना दिसला म्हणून त्याने धड्यातली खूण केली. ती बघून पोरगी सरळ रस्त्यावर उतरली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, दोन हातांवर गाडी थांबली. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. नुसता हात वर करून थांब म्हणायचं त्याला सुचलंच नाही, शिकलेलं होतं तेच केलं. आणि मग तो म्हणाला, मॅडम, ‘गाडी येतेय’ आणि ‘रस्ता मोकळा आहे’ या दोन खुणा यात एकसारख्याच दिसतात, मी कुठली केली ते माझं मलाच ठाऊक नाही; माझा मोबाइल हलका आहे, चांगला घेतला तर दिसेल का?

त्याने तिला बोल लावला असता तर बरं झालं असतं. दोष आपल्या मोबाइलचा असं धरून तो उभा होता, आणि रेणू त्याच्या सदऱ्याचं टोक धरून ममताकडे बघून हसत होती. मोबाइलचा दोष नव्हता. दोन्ही खुणांत पंजा छातीपुढे आडवा धरून बाजूला सरकवायचा. गाडी येत असेल तर बोटं सारखी थरथरत ठेवायची, रस्ता मोकळा असेल तर ती स्थिर. सगळा जीव त्या थरथरीत. आणि थरथर कुठे गेली हे ममताला तिथल्या तिथे कळलं होतं. लॉकडाउनमध्ये धडे सुरू केले तेव्हा शाळेचा जुना कॉम्प्युटर तिने घरी नेला होता. खेड्यातल्या मोबाइलवर उतरावं म्हणून मोठा व्हिडिओ बारीक करावा लागे, आणि ते करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वाटा होत्या, एक सावकाश, एक झटपट. सावकाश वाटेने तो कॉम्प्युटर एका धड्याला सबंध दिवस घ्यायचा आणि संध्याकाळी अडकून पडायचा. दुसऱ्या महिन्यात तिने झटपटवर बोट ठेवलं. चेहरा नीट दिसत होता, पडदा नीट दिसत होता. एवढ्याशा फरकाने कोणाला काय कळतंय, असं ती तेव्हा आईला म्हणाली होती. शब्द तेच होते. त्यानंतर एकशे चौदा धडे गेले.

स्कूटीवरून मरोद्याला, घरी, परतताना तिने हँडल इतकं घट्ट धरलं होतं की तळव्यांत वळ उठले. हात घट्ट धरण्याचं तिच्या अंगात फार जुनं काही होतं. तिचे वडील देवाजी मोहतुरे भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले, रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं राहिले आणि अर्धे बहिरे होऊन निवृत्त झाले. तिचा धाकटा भाऊ मोनू मात्र जन्मतःच पूर्ण बहिरा. बापाचे कान मिलने नेले आणि पोराचे देवाने, असं आई, मथुराबाई, आल्यागेल्याला सांगायची. मोनूशी बोलायची घरची भाषा ममता आणि तो दोघांनी मिळून रचली होती, शाळेतल्या खुणा येण्याच्या कितीतरी आधी. नाक चिमटीत धरलं की मासळीबाजार, कोपराला कोपर लावलं की बाबा सायकलवर. गंमत म्हणजे मोनूचे हात तिला नेहमी नागपुरीतच ऐकू येत, घरात बोलतात तसे. पण घराबाहेर ती भाषा तिला नको असे. ती पंधराची होती, तो अकराचा. बसमध्ये तिच्या वर्गातल्या चार मुली चढल्या होत्या, इस्त्रीच्या रिबिनी लावणाऱ्या, अधिकाऱ्यांच्या. मोनू तिच्या शेजारी खिडकीशी बसला होता. त्याने एकदम वळून हातांनी काहीतरी सांगायला घेतलं, भराभरा, घशातून त्याचा तो आवाज काढत, आणि मुलींनी मागे वळून बघितलं. ममताने त्याची दोन्ही मनगटं पकडली आणि आपल्या मांडीवर दप्तराखाली दाबून धरली. त्याने दोनदा हिसका दिला, मग सोडून दिलं. सेक्टर सहाच्या थांब्यापर्यंत तिने पकड ढिली केली नाही. समोर बघत राहिली. वीस मिनिटं असतील. उतरल्यावर तिने हात सोडले तेव्हा तो काही बोलला नाही, आणि काय सांगत होतास असं तिनेही विचारलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. पुढे तिने लग्न केलं नाही, कर्णबधिर मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलं. लोक म्हणत, भावासाठी केलं पोरीने. ती ऐकून घेई, आणि तिच्या तळव्यांना त्या दोन बारीक मनगटांचा हिसका जाणवे.

घरी येऊन तिने चप्पलही न काढता कॉम्प्युटर चालू केला. मथुराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “कावून वं, आज जेवाचं नाई का?” तिने हात हलवून थांब म्हटलं आणि मूळ चित्रण ठेवलेली डिस्क जोडली. रस्त्याचा धडा काढला. मोबाइलने टिपलेला तसाच्या तसा, बारीक न केलेला. इथेही चिखल असला तर एकशे चौदा धडे पुन्हा पहिल्यापासून. पण मूळ चित्रणात तिची बोटं होती. दहाच्या दहा. करंगळीवरचा जुना भाजल्याचा डागसुद्धा दिसत होता, आणि ‘गाडी येतेय’ म्हणताना बोटं पिंपळाच्या पानासारखी हलत होती. ती खुर्चीत मागे रेलली आणि त्या दिवसातला पहिला पुरता श्वास तिने घेतला. वाया काही गेलं नव्हतं. नासलं होतं ते मधल्या वाटेवर. तिने तो धडा सावकाश वाटेने लावला; यंत्राने हिशेब करून अकरा तास सांगितले आणि पंखा घरघरायला लागला. एकशे चौदांना किती, हे तिने मनातसुद्धा मांडलं नाही. यंत्र नवं हवं होतं. मुख्याध्यापिकाबाईंना तिने दुसऱ्या दिवशी सगळं खरं सांगितलं, स्वतःचं झटपटवर बोट ठेवणंही. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि नव्या यंत्राच्या अर्जावर सही केली. फक्त म्हणाल्या, या वेळी बघून घे.

बघून घ्यायचं म्हणजे काय बघायचं? आठवडाभर शाळा सुटली की ती त्याच वाचनात बुडालेली असे. ती एक निराळीच दुनिया होती. यंत्राचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, त्याच्या पोटात किती जण एका वेळी राबतात, कोण किती ऊन सहन करतो. आणि शेजारी बसवायचं ग्राफिक्स कार्ड, ज्याच्यावर लग्नाचे व्हिडिओवाले आणि खेळणारी पोरं जीव टाकतात. व्हिडिओ बारीक करणं म्हणजे दर क्षणाला काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे ठरवणं, एवढं तिला हळूहळू उमगलं. जागा थोडी असते. जे स्थिर आहे ते जपणं सोपं, आणि नक्षीदार असलं की ते जागाही जास्त खातं. जे भराभरा हलतं त्याचा पाठपुरावा करायला वेळ लागतो, आणि घाई असणारा त्याच्यावरून नुसता बोळा फिरवून पुढे जातो. म्हणून फुलं राहिली होती आणि बोटं गेली होती. हे वाचताना तिला आपण वाचतोय ते यंत्राबद्दलच आहे का अशी शंका येई आणि ती पान बंद करून गच्चीवर जाई. तिथून मिलच्या चिमण्या दिसत. धूर सरळ वर जाई आणि मग एका बाजूला वाकून पसरे, रोजच्यासारखा. तिने घरातला जांभळ्या फुलांचा पडदा काढून धुवायला टाकला आणि मागे नुसती राखी भिंत ठेवली, एवढं तरी तिच्या हातचं होतं.

सुपेल्याच्या बाजारात नरेशचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. नरेश दुर्गातल्या जुन्या मराठी घराण्यातला, पन्नाशीचा, सरळ माणूस. त्याच्या गिऱ्हाइकांत निम्मे लग्नाचे व्हिडिओवाले, त्यामुळे त्याचं उत्तर तयार होतं: मोठं ग्राफिक्स कार्ड टाका, प्रोसेसर मधला चालेल, तासाचं काम दोन मिनिटांत. त्याने तिला दोन यंत्रं दाखवली. एकात मोठं कार्ड होतं, काचेच्या पेटीत रंगीत दिवे लुकलुकत होते. दुसरं काळं, मुकं, आत फक्त चांगला जाडजूड प्रोसेसर आणि भरपूर मेमरी. तिने विचारलं, अगदी बारीक फाइल केली तर दोन्हींत हात सारखे दिसतील का? नरेशने मान डोलावली. कार्ड जरा जुनं मॉडेल आहे, म्हणाला, थोडा फरक राहील. “पन मॅडम, तेवढा बारीक फरक कोणाले नाई समजत.” तिला तिचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं. ती म्हणाली, “एका माणसाले समजते. त्याले घेऊन येते.”

मोनू दुर्गाला मोहन नगरात राहायचा, बायको आणि दोन मुलं, आणि घराखालीच गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग. ठोकलेल्या गाडीच्या दारावर असा रंग बसवायचा की मालकालासुद्धा जखम सापडू नये. रंगाच्या छटेतला फरक त्याच्या डोळ्यांतून सुटत नसे. ममताने त्याला निरोप धाडला आणि मग त्याला दाखवायला काय चित्रण करावं याचा विचार करत बसली. रस्त्याचा धडा चालणार नव्हता. जे आधीच ठाऊक आहे ते अर्ध्या खुणेवरूनही कळतं. वाक्याचं शेपूट दिसलं तरी माणूस पुरं वाक्य ओळखतो. त्याला अंदाज बांधताच येणार नाही असं काही हवं होतं. रविवारची दुपार होती, आई निजली होती. ममता राखी भिंतीपुढे उभी राहिली, मोबाइलचं बटण दाबलं, काही क्षण तिचे हात नुसते लोंबत राहिले. मग ते उठले. बस, असं त्यांनी म्हटलं. सेक्टर सहा. माझ्या वर्गातल्या पोरी. मी तुझे हात धरून ठेवले. तू काय सांगत होता? मी चुकले. आणि पुन्हा, अधिक हळू, तू काय सांगत होता? तोंडाने तिने हे तीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. हातांना मिनिटसुद्धा लागलं नाही. बटण बंद केल्यावर तिला वाटलं हे पुसून टाकावं, आजच्या भाजीचं काहीतरी बोलावं. तिने पुसलं नाही. कदाचित पहिल्या यंत्राच्या फाइलीत तो काहीच वाचू शकणार नाही, कदाचित दुसऱ्याच्याही नाही, आणि मग ते तिथंच राहील, अशी एक भित्री आशाही मनात होती.

सोमवारी मोनू कामाच्या कपड्यांतच दुकानात आला, नखांच्या कडांना निळा रंग, हसतमुख, पोट सुटलेला. नरेशने तिचं चित्रण दोन्ही यंत्रांवर तेवढ्याच आकाराचं बारीक करून दिलं. दिव्यांच्या यंत्राने हां हां म्हणता काम संपवलं. काळ्या यंत्राला अधिक वेळ लागला, पंखा संथ फिरत राहिला, तेवढ्यात नरेशने चहा मागवला आणि ममताने तो न पिता गार केला. मग पहिली फाइल लागली. मोनू पुढे वाकला. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने पुन्हा लावायला सांगितली. मग ममताकडे वळून हातांनी म्हणाला, बस म्हणून राहिली का बाजार? पुढं तर सारा भातच आहे. नरेश डोळे बारीक करून बघत होता. त्याला सगळं ठीकच दिसत होतं.

दुसरी फाइल लागली तेव्हा ममता दुकानाच्या दाराकडे बघत होती. बाहेर हातगाडीवर कोणी सीताफळं रचत होतं. तिच्या कानांत काही नव्हतं, फक्त मागे मोनूचा श्वास. तो श्वास एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिला खांद्यावर थाप पडली, त्यांच्या लहानपणची, दोन बोटांची. ती वळली. मोनूचा चेहरा गंभीर होता. त्याने एका कुशल कारागिराच्या ठामपणाने काळ्या यंत्राकडे बोट दाखवलं. मग हात मोकळे केले.

“मले माहीत होतं,” त्याचे हात म्हणाले. “तुले लाज वाटून राहिली होती. मी का लहान होतो?”

तिने मान खाली घातली. त्याने पुन्हा खांद्याला थाप मारून तिला वर बघायला लावलं, कारण खाली बघणाऱ्याशी त्याला बोलता येत नाही. त्याला फार राग आला होता, त्याने सांगितलं. इतका, की त्याच संध्याकाळी तिने शिवणाच्या वर्गासाठी महिनाभर बसून भरलेला रुमाल त्याने शाईच्या दौतीत बुचकळला आणि शेजारच्या घुशीच्या बिळात कोंबला. ममताला तो रुमाल आठवला. मोराचा होता. शाळेत हरवला असं समजून ती दोन दिवस रडली होती, बाईंची छडी खाल्ली होती, आणि बाकावरच्या एका निरपराध मुलीशी वर्षभर अबोला धरला होता. मोनू तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होता. “मंग फिटलं न,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी तर मी भुललो बी.” आणि काय सांगत होता, तिने विचारलं. मोनूने जरा वेळ छताकडे बघून आठवलं, आणि त्याचं सगळं तोंड हसण्याने फाकलं. ड्रायव्हरच्या एका पायात काळी चप्पल होती आणि दुसऱ्यात लाल पट्ट्याची, बाईची. घरून घाईत घालून आला असेल. एवढंच. तेवढं सांगत होतो.

ममता हसायला लागली. आधी आवाजच निघेना, मग निघाला तो थांबेना, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नरेश बावरून उठला, मॅडम पाणी देऊ का म्हणाला. वीस मिनिटं तिने काय दाबून धरलं होतं ते आज तिला कळलं होतं: लाल पट्ट्याची एक चप्पल. तिला वाटत आलं होतं की त्या मनगटांत एखादी किंकाळी असेल, काही दुखणं, काही मागणं, आणि ते आपण आतल्या आत मारलं. अपराध लहान झाला नव्हता. हात धरले ते धरलेच होते, आणि त्याला ते कळलं होतं. पण त्याने तो राग त्याच दिवशी खर्चून टाकला होता, मोरासकट. एवढी वर्षं तो अपराध तिच्याच एकटीकडे पडून राहिला होता. ती स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसले. मोनूने तिचा गार चहा पिऊन टाकला आणि नरेशला खुणेने विचारलं, या काळ्याले पोहचवून देशील न घरी?

यंत्र मरोद्याला आलं, राखी भिंतीजवळ बसलं. रस्त्याचा धडा मात्र मोनूने पुन्हा करवला. जुना बघून तो म्हणाला, तुझे हात बाईचे आहेत, शिकवणारीचे. गाडी अशी येते का? तो स्वतः भिंतीपुढे उभा राहिला आणि त्याच्या हातांतून ट्रक आला, मोटारसायकल आली, आणि मग रस्ता असा रिकामा झाला की मथुराबाईसुद्धा दारातून म्हणाल्या, “आता जा वं, मोकळं हाय.” नव्या यंत्राने त्या धड्याला पाऊण तास घेतला. गुरुवारी शाळेत गुलाबने तिने न विचारताच आपल्या त्याच हलक्या मोबाइलवर उतरलेला नवा धडा काढून दाखवला आणि रेणूला समोर उभं केलं. आधी पोरीने केली ती खूण बापाने ओळखली, मग बापाने केलेली पोरीने. तिने बोटं थरथरवणाऱ्या बापाचा हात मध्येच पकडून खाली ओढला आणि जागची हलली नाही. गुलाब म्हणाला, आता रोज सडकेवर करून बघतो, दोन्ही बाजूंनी. ममताने त्याला सांगितलं की चूक त्याच्या मोबाइलची नव्हती, तिची होती. त्याने ऐकून घेतलं आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, ठीक झालं ना मॅडम.

त्या रविवारी मोनू परत आला. उरलेले धडे एकामागून एक लावून ठेवले होते, यंत्र आपल्या चालीने त्यातून जात होतं, कोणाच्या मागे न लागता. मथुराबाईंनी त्याच्यापुढे वाळल्या बोरांचं बोरकूट ठेवलं आणि पोराच्या पोटावरून दोन शब्द सुनावले, जे त्याने तोंडावरून बरोबर वाचले आणि न समजल्यासारखं केलं. ममता त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली. घर शांत होतं. सांगायचं असं तिच्याकडे काही नव्हतं, आणि ते तिला छान वाटत होतं. तिने हात उचलले आणि विचारलं, आणखी काय काय सांगायचं राहिलं होतं तुझं? मोनूने बोरकुटाची बोटं पँटीला पुसली. खुर्ची उजेडाकडे फिरवली, दोन्ही बाह्या कोपरांपर्यंत सारल्या, आणि कुठून सुरू करावं याचा विचार करत तिच्याकडे बघत राहिला.